कॅन्सरची शंका घ्यावी अशी लक्षणं: ओढणाऱ्यांनी आणि न ओढणाऱ्यांनी ती कशी टिपावी, कधी आणि कुठे दाखवावी

आमचं घर परळला, टाटा हॉस्पिटलपासून चालत सात-आठ मिनिटांवर. त्यामुळे गावाकडून कुणाला 'टाटाला दाखवायला' आणलं की पहिली पथारी आमच्या बाहेरच्या खोलीत पडते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी अशा पाहुण्यांबरोबर ओपीडीत बसते आहे. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न मला पाठ झालाय: "हे कधीपासून आहे?" आणि त्याचं उत्तरही. "झाले असतील दोन-तीन महिने." मग बरोबरची बाई हळूच म्हणते, "दिवाळीची चकली झोंबली होती हो यांना." बाहेर मे महिना चालू असतो.

उशीर सगळ्यांचाच होतो, वाटा तेवढ्या वेगळ्या. सिगारेट ओढणारा म्हणतो, "ओढतो म्हटल्यावर खोकला यायचाच." ज्याने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही तो म्हणतो, "मला कशाला काय होतंय?" एकाकडे प्रत्येक लक्षणाचं कारण तयार, दुसऱ्याकडे आजारातून माफी तयार. आणि दोघांनाही पुरेल असं तिसरं उत्तर मुंबईत फुकट मिळतं: हवाच खराब आहे.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. पुढे जी लक्षणं येतील ती बहुतेक वेळा कॅन्सरची निघत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवते. पण निघत नाहीत हे ठरवायचं काम तुमचं नाही, तपासणीचं आहे.

## १. वहीच्या एका पानावर व्यसनाचा खरा हिशोब मांडा

हे लक्षण दिसायच्या आधीच करायचं. नंतर घाबरलेलं डोकं आकडे कमी करून सांगतं.

पानावर काय काय लिहायचं? सिगारेट, बिडी, चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, गुटखा, पान, मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड), नुसती सुपारी. प्रत्येकासमोर रोज किती, कोणत्या वर्षापासून, सोडलं असेल तर कधी. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, म्हणून लोक 'गुटखा नाही खात' म्हणतात आणि पानमसाला व तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या एकत्र करून खातात. ते इथे गुटखा म्हणूनच लिहा. सुपारीला निरुपद्रवी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४च्या अहवालात तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं आहे.

सिगारेटचा हिशोब डॉक्टर 'पॅक-इयर'मध्ये करतात. रोजच्या सिगारेटी भागिले वीस, गुणिले वर्षं. रोज दहा सिगारेटी चोवीस वर्षं ओढल्या तर बारा पॅक-इयर. हा आकडा घरीच काढून ठेवा. 'कधीतरी चहाबरोबर' या शब्दांतून टपरीवरच्या रोजच्या चार सिगारेटी डॉक्टरांना कळत नाहीत.

न ओढणाऱ्यांनीही पान रिकामं सोडायचं नाही. घरात कोण ओढायचं, किती वर्षं, चुलीवर स्वयंपाक केला का, कामाच्या जागी धूर-धूळ-रसायनं होती का, आई, वडील, भावंडं, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला कोणता कॅन्सर आणि कितव्या वर्षी झाला, हे सगळं लिहा.

नेहमीची चूक: प्रश्न एक आणि उत्तर भलतंच. माझी आत्या कराडकडची. दिवसातून तीनदा मिश्री लावायची. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?" ती म्हणाली, "छे!" ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "मिश्री?" तेव्हा ती म्हणाली, "ती तर लागतेच की!" आईला, सासूला, घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारताना प्रत्येक वस्तूचं नाव घेऊन विचारा.

आणखी एक अडचण अशी की अनेक मुलगे आणि हल्ली मुलीही घरच्यांपासून लपवून ओढतात. आई शेजारी बसलेली असताना खरं सांगणं जमणार नसेल, तर चिठ्ठीवर लिहून ती तपासताना डॉक्टरांच्या हातात द्या. डॉक्टरांना याची सवय असते.

## २. तुमचं 'नेहमीचं' काय आहे ते टिपून ठेवा

बदल ओळखायचा तर आधीचं माहीत हवं. पाच गोष्टी पुरतात.

वजन: महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी. डाएट नाही, जिम नाही, आणि सहा महिन्यांत साठ किलोचे सत्तावन्न झाले, तर ती बातमी आहे. काटा नसेल तर पट्ट्याचं एक भोक आत गेलं का, बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या का, ते बघा. बायका वजन उतरलं की खूश होतात आणि शेजारणी कौतुक करतात. तिथे महिने जातात.

दम: दादरच्या पुलाचा जिना एका दमात चढता येत होता का? आता मध्ये थांबावं लागतं का?

खोकला: मुळात असतो का, किती वाजता, कफ कसा?

पोट: शौचाला दिवसातून किती वेळा?

तोंड: किती उघडतं? आपलीच तीन मधली बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये घाला. गेली पाहिजेत. दोनच जात असतील आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर जबडा आखडतोय. अशा लोकांना तिखटही सोसत नाही. मग ते मिसळ सोडतात, पण पुडी सोडत नाहीत.

तुम्ही तिशी ओलांडली असेल तर ही पहिली नोंद डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडूनच करून घ्या. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची प्राथमिक तपासणी तीस वर्षांपुढच्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात धरलेली आहे. जवळच्या पालिका दवाखान्यात जाऊन ती कुठे आणि कोणत्या वारी होते ते विचारा. मशीनशिवायची तपासणी म्हणून तिला हसू नका. टाटा हॉस्पिटलने मुंबईतल्याच वस्त्यांमध्ये वीस वर्षं अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनांची तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

## ३. लक्षण दिसलं की आधी तारीख लिहा, कारण नंतर

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, बाई न आल्याचा फुली-हिशोब असतो. त्याच चौकटीत एक शब्द लिहायचा: 'जीभ', 'खोकला', 'गाठ'. का झालं, कशाने झालं, काही लिहायचं नाही. कारण लिहिलं की मन निवांत होतं आणि महिना जातो. घरच्यांना कळू द्यायचं नसेल तर मोबाइलमध्ये लिहा आणि गजर लावा.

मग मुदत मोजायची. मुदत ओढणाऱ्याला आणि न ओढणाऱ्याला एकच.

वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं:

- खोकताना थुंकीत रक्त, एक रेघ का असेना
- लघवीत रक्त, विशेषतः न दुखता, न जळजळता
- पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त किंवा डाग दिसणं; शरीरसंबंधानंतर रक्त जाणं
- स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्ताळ पाणी, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं
- घास अडकणं: आधी भाकरी, मग भात, मग पेजही
- शौचात रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच

दोन आठवडे: तोंडातली न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, खोकला.

तीन आठवडे: बसलेला आवाज, मानेतली गाठ, घशाच्या किंवा कानाच्या एकाच बाजूला दुखणं, शौचाच्या सवयीत बदल.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पंधरवड्याची भाषा जास्त जवळची. एका एकादशीला दिसलेली जखम पुढच्या एकादशीला तिथेच असेल तर दाखवायची. आणि अनंत चतुर्दशीला आरत्या म्हणून, ढोल-ताशात ओरडून बसलेला आवाज ललितापंचमीपर्यंत, म्हणजे तीन आठवड्यांत, मोकळा व्हायला हवा. नाही झाला तर दसऱ्याची वाट बघू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आवाज बसण्याचं मूळ कधीकधी घशात नसतंच. आवाजाच्या पडद्याची एक नस छातीतून वळसा घालून येते आणि फुप्फुसाजवळची गाठ तिला दाबते. म्हणून 'घसा स्वच्छ आहे' एवढ्यावर थांबू नका, छातीचा फोटोही विचारा.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात: "दुखत नाही ना? मग राहू दे." उलट आहे. दुखरी, लाल, दोन दिवसांत आलेली गाठ बऱ्याचदा जंतुसंसर्गाची असते. न दुखणारी, हळूहळू वाढणारी, बोटाखाली टणक लागणारी गाठ जास्त विचारात पाडणारी. तोंडातल्या कॅन्सरची जखमही सुरुवातीला न दुखता नांदते.

थेट कॅज्युअल्टी: वाटीभर रक्त खोकून पडणं, चेहरा आणि मान सुजून श्वास लागणं, पाठदुखीबरोबर पाय लुळे पडणं किंवा लघवी अडकणं. यात कॅलेंडर-बिलेंडर काही नाही.

घाबरण्याआधी हेही बघा. बीट खाल्लं असेल तर लघवी-शौच लालसर होते. क्षयाच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते. वस्तू बंद केल्यावर रंग दोन-तीन दिवसांत गेला तर ठीक. मात्र क्षयाच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, नुसतं डॉक्टरांना विचारायचं.

## ४. महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड तपासा

ट्यूबलाइटचा उजेड पुरत नाही. मोबाइलचा टॉर्च दुसऱ्याला धरायला लावा. हात धुवा, कवळी काढा, चूळ भरा. क्रम चुकवू नका, नाही तर नेमकी तीच जागा राहते.

आधी ओठ बाहेर उलटून बघा, वरचा आणि खालचा. मग गाल बोटाने ताणून आतली बाजू, दोन्हीकडे शेवटच्या दाढेपर्यंत. तंबाखूचा बार जिथे धरता ती जागा दोनदा बघा. तिथली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली दिसली तर 'रोजचंच आहे' म्हणू नका, तीच दाखवायची आहे. मग हिरड्या. मग जीभ बाहेर काढून रुमालात धरा आणि डावीकडे-उजवीकडे ओढून कडा बघा. जिभेचा वरचा भाग सगळे बघतात, कडा कुणी बघत नाही. मग जीभ टाळूला लावून खालचा तळ. शेवटी 'आ' करून टाळू आणि पडजीभ. सगळं झाल्यावर बोटाने चाचपा, कुठे कडक लागतंय का.

काय शोधायचं? पांढरा चट्टा दिसला तर स्वच्छ कापडाने हलकेच पुसून बघा. पुसला गेला तर बहुधा बुरशी किंवा अन्न. नाही गेला तर दाखवा. लाल, मखमलीसारखा चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा, आणि लोक नेमका तोच 'उष्णता' म्हणून सोडून देतात.

उगाच घाबरू नये म्हणून दोन गोष्टी. वरच्या दाढेसमोर गालावर छोटासा उंचवटा असतो, ते लाळेच्या नळीचं तोंड. आणि जिभेच्या अगदी मागे मोठे दाणे ओळीने असतात, ते सगळ्यांनाच असतात. शंका आली तर दुसरी बाजू बघा. दोन्हीकडे सारखं असेल तर बहुतेक वेळा ती शरीराची घडणच असते.

न ओढणाऱ्यांसाठी खास: झिजलेल्या किंवा तुटलेल्या दाढेची धार, न बसणारी कवळी सतत एकाच जागी घासत असेल तर आधी दात गुळगुळीत करून घ्या. मग दोन आठवडे मोजा. जखम भरली नाही तर 'दातानेच झालंय' हे उत्तर संपलं.

सावधान: तोंड आल्यावर लावायची जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या यांच्या जोरावर चार-चार महिने काढलेले लोक मी पाहिले आहेत. जेल बधिर करते, दुखणं झाकते, तारीख पुसते. लावायची तर लावा, पण कालनिर्णयावरची मुदत तीच ठेवा.

## ५. खोकला: मुंबईत इथेच गाडी चुकते

या टप्प्यावर थोडं जास्त थांबते, कारण आमच्याच घरात दोन उलट्या गोष्टी घडल्या.

काका चाळीस वर्षं ओढत होते. सकाळी उठल्यावर खोकायचे, पहिला चहा झाला की थांबायचे. चाळीतल्या लोकांना तो गजरच होता. एका हिवाळ्यात ते रात्री खोकू लागले. काकू म्हणाली, "वेळ बदललीय." काका म्हणाले, "सिगारेटच आहे ती, दिवसा काय आणि रात्री काय." काकूने ऐकलं नाही. थुंकी तपासली, क्षय निघाला. सहा महिन्यांत बरे झाले.

मोठी वहिनी मुलुंडला, शाळेत शिक्षिका. घरात कुणीच ओढत नाही. नवरात्रात खोकला सुरू झाला. समोर टॉवरचं काम चालू होतं, म्हणून धूळ. मग खडूची ॲलर्जी. संक्रांतीपर्यंत खोकल्याची तीन औषधं झाली. एक्स-रेवर डाग दिसला आणि जवळच्या एका डॉक्टरांनी थुंकी न तपासता एकेटी, म्हणजे क्षयाच्या गोळ्या, चालू केल्या. दोन महिन्यांनी डाग वाढलेला. मग सीटी स्कॅन, मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. फुप्फुसाचा कॅन्सर. गाठीच्या तपासणीत जनुकातला एक बदल सापडला, त्यावर गोळी आहे, ती वहिनी रोज घेते आणि शाळेतही जाते. पण ते पाच महिने गेले ते गेलेच.

भारतात फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांमध्ये कधीच न ओढलेल्यांचा वाटा लहान नाही, बायकांमध्ये तर नाहीच. आणि क्षय इतका घरोघरी आहे की एक्स-रेवरचा प्रत्येक डाग आधी क्षयाचाच वाटतो. म्हणून क्रम असा धरा:

पहिलं. खोकल्याला दोन आठवडे झाले की थुंकीची तपासणी. क्षयाच्या सरकारी कार्यक्रमात ती फुकट होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट हे शब्द लक्षात ठेवा, थुंकीतले क्षयाचे जंतू शोधणाऱ्या चाचण्या आहेत त्या. सकाळचा, छातीतून काढलेला कफ द्यायचा. बरेच जण लाळ देऊन येतात आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो.

दुसरं. छातीचा एक्स-रे. जुना असेल तर तोही न्या. तीन वर्षांपूर्वीचा डाग तसाच आहे की नवा आहे, हा फरक डॉक्टरांना लाखमोलाचा.

तिसरं. क्षयाचे जंतू सापडले नाहीत आणि डाग आहे, तर सरळ विचारा: "डॉक्टर, हे क्षयाशिवाय दुसरं काही असू शकतं का? सीटी करावा का?" यात उद्धटपणा काही नाही.

चौथं. एकेटी चालू झाली आणि महिन्याभरात ताप, भूक, वजन, खोकला यांत काहीच फरक नाही, तर परत जा. गोळ्या मनाने थांबवू नका आणि मुकाट्याने सहा महिनेही काढू नका.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे विषय संपला, असंही नाही. हृदयाच्या किंवा हाडांच्या मागे दडलेली लहान गाठ एक्स-रेत सुटू शकते. खोकला, दम, रक्त चालूच असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे परत जायचं.

ओढणाऱ्यांनी 'खोकला आहे का' असं स्वतःला विचारू नये, उत्तर होच येणार. बदलला का, ते विचारावं. वेळ बदलली, आवाज घोगरा झाला, कफाचा रंग बदलला, एकाच जागचा न्यूमोनिया दुसऱ्यांदा झाला, खांदा दुखून हाताला मुंग्या येऊ लागल्या. यातला खांदा तर हमखास 'फ्रोझन शोल्डर' म्हणून शेकला जातो.

सिगारेट सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो, काहींना तोंडही येतं. ते साहजिक आहे, पण त्यालाही तीच मुदत. आणि "आधी सोडतो, मग दाखवतो" हे कृपया करू नका. दोन्ही एकाच दिवशी सुरू होऊ शकतं. सोडण्यासाठी मदत हवी तर पाकिटावर छापलेला राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६ फुकट आहे.

## ६. खालच्या अंगाची लक्षणं लाजेखातर मागे पडतात

लघवीत रक्त एकदा दिसतं आणि मग महिनाभर दिसत नाही. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वात मोठं कारण सिगारेट आहे, हे ओढणाऱ्यांनाच ठाऊक नसतं. त्यांचं सगळं लक्ष छातीकडे. उलट बायकांना प्रत्येक वेळी 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिक मिळतं. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत आणि रक्त आहे, तर सोनोग्राफी आणि मूत्ररोगतज्ज्ञ.

शौचात रक्त म्हणजे मूळव्याध, हे घरोघरचं निदान. असेलही. पण कुणी बोटाने तपासलंय का? नसेल तर ते निदान नव्हे, अंदाज आहे. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलं, तर लोहाच्या गोळ्यांबरोबर रक्त कुठून जातंय तेही शोधायला सांगा.

पाळी गेल्यावर परत डाग दिसला की आमच्या शेजारच्या आजी 'परत तरुण झाले' म्हणून हसल्या होत्या. नात हट्टाने घेऊन गेली म्हणून बरं. आत गाठ होती, ती साधी निघाली. पण तपासूनच कळलं.

## ७. दवाखान्यात जाण्याआधी आणि खुर्चीत बसल्यावर

पिशवीत काय हवं: पहिल्या टप्प्याचं पान, कॅलेंडरचा फोटो, चालू औषधांच्या पट्ट्या (नावं सांगू नका, पट्ट्याच दाखवा), जुने एक्स-रे आणि रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, आधार, शिधापत्रिका.

तोंडात चट्टा असेल तर जाण्याआधी रंगीत काही खाऊ नका आणि लिपस्टिक नको. फोटो काढून ठेवला असेल तर फारच छान.

पहिलं वाक्य घरीच तयार करा. "थोडा खोकला आहे" म्हटलंत तर थोड्या खोकल्याचं औषध मिळेल. असं बोला: "सात आठवड्यांपासून खोकला आहे, ९ तारखेला रक्ताची रेघ आली, वजन तीन किलो उतरलं, मी सिगारेट ओढत नाही पण वडील घरात ओढायचे." आणि शेवटी, घाबरत असलात तरी: "मला कॅन्सरची शंका काढून टाकायची आहे." हा शब्द तुम्ही उच्चारला की संभाषणाची दिशा बदलते. अनेक डॉक्टर रुग्ण बिथरेल म्हणून तो टाळतात.

कुठे जायचं? ओळखीचे फॅमिली डॉक्टर असतील तर तिथून सुरुवात. नसतील तर पालिकेचा दवाखाना किंवा आपला दवाखाना. तोंडासाठी मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय. बाकीसाठी केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. इथे मेडिसिन, छाती, सर्जरी, कान-नाक-घसा, स्त्रीरोग हे विभाग आहेत. शंका बळकट असेल तर टाटा. निदान पक्कं होण्याआधीही तिथे माणसं येतात. जाताना सकाळी लवकर, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि बरोबर एक असा माणूस ज्याचं अक्षर वाचता येतं.

उठण्याआधी तीन प्रश्न: तुम्हाला काय वाटतंय? कोणती तपासणी, कुठे? बरं वाटलं नाही तर किती दिवसांनी परत येऊ? तिसऱ्याचं उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या.

"गोळ्या घेऊन बघा" असं उत्तर मिळालं तर हरकत नाही, फक्त तारीख मागा. तारीख न देता दुसऱ्यांदा तेच औषध मिळालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

## ८. बायोप्सी, रिपोर्ट आणि फाइल

"सुई लावली की पसरतो." हे वाक्य परळच्या फुटपाथवर रोज ऐकू येतं. गावाकडचे लोक त्यावरच अडून बसतात आणि रुग्ण बायोप्सीला नाही म्हणून परत जातो. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, आणि असला तर कोणत्या जातीचा, हे ठरत नाही. जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. ज्यांचा आजार बायोप्सीनंतर 'पसरला' असं सांगतात, त्यांचा बहुतेकदा आधीच पुढे गेलेला असतो आणि कळतो तेव्हा. काही थोड्या अवयवांत तुकडा कसा आणि कुठून घ्यायचा याला महत्त्व असतं, म्हणून तो कॅन्सरच्या कामाची सवय असलेल्या ठिकाणी घ्यावा, एवढं खरं.

बायोप्सी बाहेर झाली असेल तर फक्त कागद घेऊन टाटाला जाऊ नका. प्रयोगशाळेतून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, तिथे ते पुन्हा तपासतात. ब्लॉक विसरल्यामुळे मिरजेहून आलेला आमचा एक पाहुणा रात्रीच्या गाडीने परत गेला होता. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

पैशांसाठी उपचार सुरू होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का ते विचारा. शिधापत्रिका आणि आधारवरची नावं जुळतात ना, ते घरूनच बघून निघा. 'सावंत'चं 'सांवत' झालेलं असतं आणि त्यात चार दिवस जातात.

रिपोर्ट साधा आला तर? आधी रिपोर्टवर लिहिलेलं नाव, वय आणि जागा तुमचीच आहे ना ते वाचा. मग विचारा की हा रिपोर्ट लक्षणाचं पूर्ण उत्तर देतो का, की तुकडा अपुरा होता. 'अपुरा नमुना' आणि 'कॅन्सर नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक दोन्हींवर पेढे वाटतात. लक्षण गेलं असेल तर कालनिर्णयावरच्या त्या शब्दावर रेघ मारा. लक्षण तसंच असेल तर डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख त्याच पानावर लिहा, आणि डिसेंबरात नवं कॅलेंडर टांगताना जुनं रद्दीत टाकण्याआधी तेवढी तारीख नव्यावर उतरवून घ्या.